मुळशीच्या पावसात इटालियन जेवण, मावशीचा चातुर्मास सांभाळून

आई आणि मावशी दोघींना घेऊन श्रावणात कुठेतरी पाण्याजवळ जायचं हे बरेच दिवस डोक्यात होतं, आणि मुळशीकडचं एक रिसॉर्ट नक्की केलं ते मुख्यतः तिथल्या इटालियन रेस्टॉरंटसाठी. मला ते जेवण मनापासून आवडतं. आता रिसॉर्टमधलं इटालियन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर व्हाइट सॉस पास्ता आणि वरून चीज ओतलेला जाडजूड पिझ्झा येतो, पण ह्यांच्याकडे लाकडाची भट्टी आहे आणि काही प्रकारचा पास्ता तिथेच हाताने करतात असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. अडचण होती ती मावशीच्या चातुर्मासाची. कांदा, लसूण, वांगं बंद. अंडं तर ती कधीच खात नाही. "मग मी तिथे येऊन काय खाऊ गं, दहीभात?" असं तिने फोनवरच विचारलं. मला खात्री होती की तिला पोटभर आणि चांगलं खायला मिळेल, नीट विचारून मागवलं की झालं. घरोघरी असं कोणीतरी असतंच, आणि हॉटेलात गेल्यावर त्या माणसापुढे शेवटी फ्रेंच फ्राइज येतात, ते मला बघवत नाही, म्हणून हे सगळं जरा तपशिलात लिहितेय.

शुक्रवार

कोथरूडहून जेवून निघालो. चांदणी चौक आता पटकन पार होतो पण भूगावला अडकायचं ते अडकलोच, पुढे पिरंगुटचा घाट उतरल्यावर मात्र रस्ता मोकळा आणि पौड गेलं की दोन्ही बाजूंना नुसती भातखाचरं. लावण्या उरकल्या होत्या, काही खाचरांत इरली घेतलेल्या बायका अजून वाकून काम करत होत्या. आई खिडकीची काच खाली करून बसली होती, पाऊस आत येत होता तरी.

धरण दिसायला लागलं तसा आईने मुळशी सत्याग्रहाचा विषय काढला. ती शाळेत इतिहास शिकवायची त्यामुळे हे तिच्या तोंडावर असतं. टाटांनी वीज तयार करायला हे धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला, बापटांना सेनापती म्हणायला लागले ते ह्याच लढ्यातून. आणि अडवलेलं पाणी मुळा नदीतून पुण्याकडे न येता डोंगरापलीकडे खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. आपण तिथे दोन दिवस मजा करायला जातो, ठीक आहे, पण पाण्याखाली कोणाची तरी भाताची जमीन आहे एवढं माहीत असावं असं आईचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

खोली छान, पाण्याच्या बाजूची. त्यावर जास्त लिहित नाही.

पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचा बुफे धरलेला होता, इटालियन रेस्टॉरंट त्यात येत नाही. पण चेक-इन करतानाच विचारलं तर बुफेचे पैसे तिकडच्या बिलातून वजा करून द्यायला ते तयार झाले. ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, विचारावी लागते.

संध्याकाळी सात वाजता रेस्टॉरंट उघडतं, आम्ही मुद्दाम सातलाच गेलो. गर्दी व्हायच्या आत शेफ बाहेर येऊन बोलू शकतो, साडेआठनंतर त्याला मान वर करायला वेळ नसतो. शेफ निघाला पौडजवळच्या गावचाच, आधी गोव्यात आणि मग क्रूझवर काम केलेला, पस्तिशीचा असेल. मी त्याला सरळ सांगितलं की दादा, मावशीला कांदा-लसूण नाही, अंडं नाही, आणि चीजमध्ये रेनेट कुठलं आहे तेही सांगा. तो म्हणाला, "बरं झालं ताई विचारलंत, लोक खाऊन झाल्यावर विचारतात."

ह्या रेनेटबद्दल खूप शाकाहारी लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. दुधाचं चीज व्हायला दूध आधी साकळावं लागतं आणि त्यासाठी जे रेनेट घालतात ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून काढलेलं असतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो, जे कमीत कमी १२ महिने मुरवतात, त्याच्या नियमातच वासराचं रेनेट आहे, म्हणजे ते शाकाहारी असूच शकत नाही. ग्राना पादानोचंही तेच. पेकोरिनो रोमानोला कोकराचं वापरतात. पण सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही असतं, तसं चीज आपल्याकडे हिरव्या ठिपक्यासकट सहज मिळतं आणि चवीला चांगलं असतं. ह्या शेफकडे दोन्ही होती आणि दोन्हीच्या किसण्या वेगळ्या. त्याने हिरव्या ठिपक्याचं पाकीट आणून मावशीच्या हातात दिलं, तिने चष्मा लावून मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचली आणि मग मान हलवली.

पहिल्या दिवशी मागवला मार्गेरिटा पिझ्झा. ह्यात मुळातच कांदा-लसूण नसतो. टोमॅटो, मोझरेला, बेझिलची पानं, ऑलिव्ह ऑइल, मीठ, बास. लसूण असतो तो मरिनारामध्ये, आणि गंमत म्हणजे त्यात चीज नसतं. १८८९ साली राणी मार्गेरिटा नेपल्सला आली तेव्हा तिच्यासाठी हा केला अशी गोष्ट सांगतात, इतिहासकारांना ती सगळी पटलेली नाही पण नाव तिचंच राहिलं. बेझिल म्हणजे आपल्या तुळशीच्याच कुळातलं, फालुद्यात घालतो तो सब्जा ह्याच झाडाचं बी. हे कळल्यावर मावशीने एक पान उचलून चुरगळून वास घेतला. "हं, तुळशीपेक्षा गोड आहे."

भट्टीसमोरचं टेबल मिळालं होतं. मावशीने सदाशिव पेठेत बरीच वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलंय, हजारो पोळ्या तिच्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे ती जेवायला बसलीच नाही, काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. पिठाचा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल. लाटणं नाही. भट्टीवरचा मुलगा तो बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत गेला आणि शेवटचा बोटभर काठ तसाच सोडला, काठाला हात म्हणून लावला नाही, कारण आतली हवा तिथे जमते आणि तोच भाग भट्टीत फुगतो. मग दोन्ही हातांवर उलटसुलट करत ताणला. वर टोमॅटो, तोही शिजवलेला नाही, डब्यातला सोललेला टोमॅटो हाताने कुस्करून नुसतं मीठ घातलेला. आत टाकला आणि मोजून दीड मिनिटात बाहेर. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी साधारण ४३० ते ४८० डिग्री तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो, त्यामुळे काठावर काळे ठिपके पडतात पण आतून मऊ राहतो. घरच्या ओव्हनला २५० च्या वर जाता येत नाही म्हणून घरी तसा होत नाही, त्यात आपल्या हाताचा दोष नसतो. नेपल्सच्या ह्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलंय.

मावशीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "पावसाळ्यात पीठ लवकर फुगत असेल ना?" त्या मुलाने हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं, म्हणाला हो काकू, ह्या दिवसांत यीस्ट कमी घालतो आणि चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवतो, पाणीही जरा कमी, मैदाच ओल धरतो. मग दोघांचं पीठ ह्या विषयावर जे सुरू झालं ते आमचा पिझ्झा थंड व्हायला आला तरी संपेना.

पिझ्झा खरंच उत्तम होता. मधला भाग ओलसर असतो, त्रिकोण उचलला की टोक खाली पडतं, तसंच असायला हवं. आईला तो कच्चा वाटला, तिने दुसरा जरा जास्त भाजून मागितला आणि त्यांनी तो तोंड वाकडं न करता दिला.

शनिवार

सकाळी इतका पाऊस की समोरचं पाणी दिसेना. नाश्ता बुफे, पोहे आणि इडली, ठीकठाक. ताम्हिणीकडे जायचा विचार सोडला, शनिवार-रविवारी तिकडे गाड्यांची रांग लागते आणि धबधब्याखाली जो गोंधळ चालतो तो आई-मावशीला घेऊन नको.

दुपारी मात्र ह्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली गोष्ट झाली. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसाठी हाताने पास्ता करायला शिकवतात. मला वाटलं होतं अंड्याचा पास्ता असेल आणि मावशी नुसती बघेल, पण शेफने तिच्यासाठी म्हणून वेगळा प्रकार घेतला. इटलीच्या उत्तरेला ताज्या पास्त्यात मैदा आणि अंडी घालतात, दक्षिणेला पुलिया भागात मात्र नुसता रवा आणि पाणी. तो रवा ड्यूरम गव्हाचा असतो. आणि आपला बन्सी गहू हा ड्यूरमच आहे! म्हणजे शिऱ्याला आपण जो बन्सी रवा आणतो तो त्याच जातीच्या गव्हाचा. शेफने टेबलावर जो रवा ओतला तो पुण्यातूनच आणलेला बन्सी रवा होता, अगदी बारीक दळलेला. सांगली-साताऱ्याकडे होतो तो खपली गहूसुद्धा इटलीत आहे, तिकडे त्याला फार्रो म्हणतात आणि सूपमध्ये, सॅलडमध्ये घालतात.

कोमट पाण्यात घट्ट भिजवून दहा मिनिटं मळला, झाकून अर्धा तास ठेवला. मग करंगळीएवढी वळी करून त्याचे छोटे तुकडे आणि प्रत्येक तुकडा सुरीच्या बोथट पात्याने पाटावर ओढायचा, की तो वळतो, मग अंगठ्यावर घेऊन उलटा करायचा, छोट्या कानासारखी वाटी तयार. ओरेकिएत्ते. बाकीच्यांचे तुकडे फाटत होते. मावशीने एक बघितला, दुसरा केला आणि मग तिचे हात थांबलेच नाहीत.

कारण तिला हे येतंच होतं. वळवट! गव्हले, मालत्या, नखुल्या. लग्नाच्या आधी घरात बायका बसून रव्याचे करायच्या ते, खिरीसाठी. गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे दोन बोटांत वळायचे, नखुली नखाने दाबायची, मालती काडीवर गुंडाळून काढायची. माझ्या लग्नात मावशीनेच केले होते आणि रुखवतात मांडले होते, मी तेव्हा त्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आता सुरी बाजूला ठेवून तिने नखाने नखुल्या करायला घेतल्या आणि शेफ, त्याचे दोन मदतनीस आणि मुंबईहून आलेलं एक जोडपं असे सगळे तिच्याभोवती. "काकू परत दाखवा, हळू दाखवा." तिने हळू दाखवलं. अंगठ्याचं नख थोडं तिरकं धरायचं आणि दाबता दाबता पुढे सरकवायचं, म्हणजे एका बाजूला नखाची रेघ उमटते आणि दुसऱ्या बाजूने कड वर येते. शेफ म्हणाला ह्या रेघेत सॉस चांगला धरून राहील, पास्त्यावर रेघा असतात त्या त्यासाठीच असतात. त्याने त्याच्या फोनवर व्हिडिओ घेतला.

मला हे बघताना फार बरं वाटलं. आपल्याकडे हाताने वळलेला रव्याचा हा प्रकार घराघरात होता आणि तो आता लग्नाच्या रुखवतापुरता, तोही विकतचा, उरलाय. इटलीत बाया दारात बसून ओरेकिएत्ते करतात ते बघायला जगातून लोक जातात. आपली वळवट नारळाच्या दुधात किंवा साध्या तुपा-मिऱ्यात का करू नये, मला खरंच कळत नाही.

रात्री त्याच नखुल्या आणि ओरेकिएत्ते आमच्या ताटात आल्या. मावशीसाठी टोमॅटो, बेझिल आणि वर रिकोटा, म्हणजे मऊ ताजं चीज. टोमॅटो नारायणगावचे, लसूण नाही, नुसत्या ऑलिव्ह ऑइलवर मंद शिजवलेले. इथे एक गोष्ट कळली की तिकडच्या बऱ्याच घरगुती सॉसमध्ये कांदा किंवा लसूण ह्यातलं एकच घालतात, दोन्ही एकदम घालायची सवय आपली. त्यामुळे नुसत्या टोमॅटोची चव पुढे येते. मीठ जरा जास्त झालं होतं, ते आम्ही सांगितलं.

आंबेमोहरचा रिझोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मलईदार भात, त्यांच्या मेन्यूत खास म्हणून लिहिलाय, कारण आंबेमोहर हा ह्या मुळशी-मावळचाच तांदूळ. रिझोटोत सहसा कांदा आणि वाइन असते, दोन्ही आधीच विचारून घ्यावं, वाइनचं कोणी आपणहून सांगत नाही. आमच्यासाठी बटरवर तांदूळ परतून, गरम भाज्यांचं पाणी पळीपळीने घालत, शेवटी वाइनऐवजी लिंबू. वास तर असा की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. पण माझं स्पष्ट मत, ह्याला रिझोटो म्हणून गुण कमी. आर्बोरियो किंवा कार्नारोली ह्या इटालियन तांदळांचा दाणा बाहेरून मलईदार होतो आणि आत किंचित कणी राहते, आंबेमोहर आखूड आणि नाजूक, ढवळला की मोडतो, सगळं एकजीव होतं. आईने मात्र पूर्ण संपवला आणि म्हणाली आजारातून उठलेल्या माणसाला द्यावा असा आहे, ही तिच्याकडची मोठी शाबासकी.

गोड काय घ्यायचं ह्यात वेळ गेला. तिरामिसूत अंडं असतं, पन्ना कोट्टात जिलेटिन, तेही प्राण्यांचं. मावशीने आफोगातो घेतला, व्हॅनिला आइस्क्रीमवर गरम कडक कॉफी ओततात तो, आइस्क्रीम बिनअंड्याचं आहे हे विचारून. तो तिला इतका आवडला की तिने दुसरा मागवला, रात्री दहा वाजता, आणि झोपही लागली म्हणे.

रविवार

लवकर उठून नाश्त्याला गेलो तर शेफने मावशीसाठी बिनलसणाचा फोकाचिया, म्हणजे जाड इटालियन पाव, भाजून ठेवला होता, रोझमेरी आणि जाड मीठ घातलेला. खाली तेलात भाजून कुरकुरीत, आत जाळीदार. त्याने मापं सांगितली आणि मावशीने ती पर्समधल्या किराण्याच्या यादीमागे लिहून घेतली. जाताना तिने त्याला सांगितलं की मुलीच्या लग्नात गव्हले लागले तर मला फोन कर. त्याची मुलगी चार वर्षांची आहे.

बिलाबद्दल थोडं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. मेन्यूतल्या किमती टॅक्स सोडून असतात, त्यामुळे मागवतानाच तो हिशेब धरावा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तसं स्पष्ट आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं. आम्ही तो ठेवला आणि वर भट्टीवरच्या मुलाला वेगळे दिले. एकूण जेवण स्वस्त नाही, कोथरूडमध्ये एवढ्यात चारदा थाळी होईल. पण जे मिळालं त्याचे पैसे द्यायला मला काहीही वाटलं नाही.

अकराच्या आत निघालो म्हणून रस्ता बरा मिळाला. समोरून पुण्याहून येणाऱ्या गाड्यांची रांग पौडच्या अलीकडेच लागली होती. वाटेत आंबेमोहर घेतला, मावशीने दाणे दाताखाली चावून बघून मग घेतला.

कार्तिकी एकादशीनंतर परत जायचं ठरलंय, मावशीला लसणाचा मरिनारा खायचाय आणि आईला वांग्याचा पार्मिजाना. तुम्ही जाणार असाल तर फोन करून भट्टी कुठल्या दिवशी चालू असते ते विचारा, आठवड्याच्या मधल्या दिवशी काही ठिकाणी ती पेटवत नाहीत आणि मग पिझ्झा साध्या ओव्हनमधला येतो. पथ्य, उपास, अंडं, वाइन, रेनेट जे काही असेल ते बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. आणि पास्ता करायला बसायचं असेल तर पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर नाव द्या, त्या टेबलाभोवती आठ जणांपेक्षा जास्त मावत नाहीत.